मदत हवी आहे: आई नाही म्हणत नाही, तरी नातं मोडतंच

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आयडी नवा घेतलाय, कारण उघड आहे.

वय ३३. मी ११ वर्षांचा असताना बाबा गेले, तेव्हापासून घरात मी आणि आई. दोन नाती तुटली, तिसरं तुटायच्या बेतात आहे. आई भांडत नाही. "तुझं सुख ते माझं सुख" म्हणते आणि पुढच्याच आठवड्यात तिचं बीपी वाढतं. नाटक नव्हे, मशीनवर आकडा दिसतो. म्हणून चिडताही येत नाही.

पण खरी गोची परवा कळली. मैत्रीण म्हणाली, "आपलं भांडण मिटायच्या आत ते आईंना कळलेलं असतं." खरंय. मीच सांगतो. आपलं चुकलं नाही असं कुणीतरी म्हणावंसं वाटतं आणि आई ते लगेच म्हणते. आमचं भांडण दोन दिवसांत विरतं, आईच्या डोक्यात वर्षभर राहतं. सहा महिन्यांनी तेच ती मला ऐकवते आणि मला पटतंसुद्धा!

मैत्रीण म्हणते, आईपासून वेगळं राहू, नाहीतर हे नातं इथेच थांबवू. पण फोन तर खिशातच असणार ना? घर बदलून हे सुटतं का? "आईला सोड" आणि "आईसारखं दैवत नाही" हे दोन्ही सल्ले घरबसल्या मिळतात, ते कृपया नकोत.

प्रतिसाद १:
मरी बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने याला त्रिकोण म्हटलंय. दोघांतला ताण सोसेना की तिसऱ्याला ओढायचं. तेवढ्यापुरतं हलकं वाटतं, दुखणं जिथल्या तिथे. इथे ओढणारे तुम्हीच आहात. नुसतं लांब जाण्याने गुंता सुटत नाही, हेही त्याचंच म्हणणं. वेगळं राहायला हरकत नाही, पण आधी तोंड आवरा. आईने विचारलं तर "ते आमचं आम्ही बघतो" एवढंच. आणि बीपी वाढल्यावर धावण्यापेक्षा ठरल्या दिवशी तपासायला न्या, बरी असतानाही तिच्याजवळ बसा. लक्ष मिळायला आजारी पडावं लागू नये.

धागाकर्ता:
बीपीचं पटलं. पण तसं म्हटल्यावर ती गप्प झाली तर? ते मला जास्त जड जातं.

प्रतिसाद १:
मग तुम्हीही तिच्याजवळ गप्प बसा. शांतता भरून काढायला मैत्रिणीची गोष्ट मात्र काढू नका.