मदत हवी आहे : हुमणीला चिकटलेली ही अळी मित्रकीटकाची आहे का?

नमस्कार. वाळवा तालुक्यात आमचा उसाचा दोन एकर खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेले पीक) आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मध्येच पिवळी पडलेली बेटे धरून ओढली, तर ती जवळजवळ विनामुळांची हातात आली. खालची माती उकरली असता एकेका बेटाखाली दोन-तीन हुमण्या, म्हणजे मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या, मिळाल्या. त्यांतली एक मात्र अगदी निपचित होती आणि तिच्या पोटाला बिनपायांची, मळकट पांढरी, लहान अळी तोंड रुतवून चिकटलेली होती. शेजारीच कागदी सालीचा तपकिरी कोषही सापडला. सकाळच्या उन्हात काळ्या, केसाळ गांधीलमाश्या सरीतून जमिनीलगत घिरट्या घालताना मी आठवडाभर पाहत आहे, त्यामुळे या स्कोलिइडी कुळातल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे.

हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर जमिनीतून निघतात, संध्याकाळी कडुलिंब-बाभळीचा पाला खातात आणि मातीत अंडी घालतात. म्हणजे आई पाला खाते आणि पोर मुळे. वर्षाला पिढी एकच असल्यामुळे मे-जूनमध्ये भुंगेरे गोळा करणे सर्वांत स्वस्त पडले असते, पण बांधावर बाभळी असूनही यंदा आम्ही ते केले नाही. गांधीलमाशी स्वतः फुलांतील मकरंदावर जगते. मादी मातीत शिरून हुमणीला नांगी मारून लुळी करते आणि तिच्यावर एकच अंडे घालते. एका पिलाला एक हुमणी, असा हा हिशेब असल्याने केवळ तिच्या भरवशावर खोडवा सोडण्याचे धाडस होत नाही.

दुकानात ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक शेतात सोडण्याची कार्डे, बांधण्याचा सल्ला मिळाला. ट्रायकोग्रामा पतंगवर्गीय किडींच्या अंड्यांवर, म्हणजे खोडकिडीसारख्यांवर चालतो. मातीतल्या हुमणीच्या अंड्यांपर्यंत तो पोहोचणार कसा? म्हणून ती कार्डे घेतली नाहीत.

आता माझी अडचण अशी, की बुडख्यात रासायनिक औषधाची आळवणी केली (औषधाचे पाणी मुळाशी ओतले) तर हे कोषही मरतील का? त्याऐवजी किडींना रोग लावणारी मेटारायझियम बुरशी शेणखतात मुरवून फक्त पिवळ्या पडलेल्या पट्ट्यात दिली, तर गांधीलमाशीच्या अळीला तिची बाधा होते का? आणि माश्या टिकाव्यात म्हणून बांधावर बडीशेप किंवा कोथिंबीर फुलोऱ्यावर सोडण्याचा उपयोग कोणाला झाला आहे का? उसातला प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया या आठवड्यात कळवावे, कारण हुमणी आता तिसऱ्या अवस्थेत आहे आणि याच अवस्थेत ती सर्वाधिक मुळे खाते.