नाशिकच्या तुरुंगातून फुटलेल्या वाटा : राजकीय मत नेमके कशाने बदलते?

पैलतीर :
१९३२-३३ मध्ये कायदेभंगाचे जे तरुण कैदी नाशिकच्या कारागृहात एकत्र आले, त्यांत जयप्रकाश नारायण, मिनू मसानी, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता आणि नानासाहेब गोरे होते. तेथील चर्चांतून १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष आकाराला आला. तुरुंग एक, वाचन बहुतांशी सारखे, विरोधकही एकच. तरी १९६० च्या सुमारास मसानी खासगी उद्योगाची बाजू घेणाऱ्या स्वतंत्र पक्षाचे अग्रणी झाले होते, जयप्रकाश विनोबांच्या भूदान चळवळीत होते, पटवर्धनांना राजकारण सोडून दहा वर्षे झाली होती आणि मेहता व गोरे तेवढे प्रजा समाजवादी पक्षात उरले होते. याला वैचारिक चंचलता म्हणण्याची रीत आहे, ती मला मान्य नाही.

मसानींनी १९२७ आणि १९३५ मध्ये सोव्हिएत रशिया स्वतः पाहिला होता. पुढे स्टालिनने आपल्याच जुन्या सहकाऱ्यांवर चालवलेले मॉस्कोतले खटले झाले आणि त्याच काळात आपल्या पक्षात येऊन शाखाच्या शाखा ताब्यात घेणारे कम्युनिस्टही त्यांनी जवळून पाहिले. राज्यसत्ता आणि उत्पादनाची साधने एकाच हाती गेली की सामान्य माणसाला दाद मागायला जागा उरत नाही, हा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला. जयप्रकाशांचा रस्ता निराळा होता. १९५२ मध्ये पुण्यात त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले आणि त्यानंतर, केवळ भौतिकवाद मानला तर माणसाने चांगले का वागावे याचे उत्तर मिळत नाही, असे जाहीरपणे लिहिले. दोघांनीही माणसाच्या स्वातंत्र्याची आस सोडली नाही. सोडला तो तेथवर नेण्याचा दावा करणारा मार्ग. माझ्या मते प्रामाणिक मतपरिवर्तन बहुधा असेच घडते.

तर्ककर्कश :
मांडणी देखणी आहे आणि म्हणूनच मला तिचा संशय येतो. मॉस्कोच्या खटल्यांच्या बातम्या साऱ्या जगाने वाचल्या. केरळातील समाजवादी शाखेनेही त्या वाचल्या असतील, आणि ती तर जवळजवळ सगळी कम्युनिस्ट पक्षात गेली. पुरावा एक आणि निष्कर्ष परस्परविरोधी असतील, तर निर्णय पुराव्याने झाला असे कसे म्हणावे? मसानी हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर राहिलेल्या सर रुस्तम मसानींचे चिरंजीव. पुढे टाटा समूहात त्यांनी जबाबदारीच्या जागी काम केले. पटवर्धन अहमदनगरच्या थिऑसॉफिस्ट, म्हणजे अध्यात्मविद्या मानणाऱ्या, घरात वाढले आणि अखेरीस त्याच परंपरेतून पुढे आलेल्या तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींच्या विचारांपाशी स्थिरावले. मला तर दिसते ते असे की तरुणपणी माणूस घर सोडून निघतो आणि चाळिशीच्या आसपास तो घरी परततो. त्या परतीला आपण चिंतन म्हणतो, इतकेच.

पैलतीर :
मग जयप्रकाशांचे काय करायचे? सिताबदियाराच्या, म्हणजे त्यांच्या जन्मगावच्या, घरात गांधीविचारातला सर्वोदय नव्हता. १९५४ मध्ये बोधगयेला जीवनदान, म्हणजे सारे आयुष्य भूदानाच्या कामाला वाहण्याचा संकल्प, जाहीर करून सत्तेच्या राजकारणापासून दूर झालेला हाच माणूस १९७४ मध्ये बिहारच्या रस्त्यावर उतरला, आणि पक्षविरहित लोकशाहीचा पुरस्कार करता करता १९७७ मध्ये जनता पक्षाची मोट बांधून मोकळा झाला. ही घरवापसी कोणत्या घराची?

माणदेशी :
आपण दोघेही पुढाऱ्यांविषयीच बोलत आहात, म्हणून एका साध्या मतदाराचे उदाहरण देतो. माझे आजोबा शेतकरी कामगार पक्षाचे कट्टर कार्यकर्ते होते. १९५४ मध्ये त्या पक्षाचे एक संस्थापक नेते केशवराव जेधे काँग्रेसमध्ये परतले, तेव्हा आजोबांनी दोन दिवस कोणाशी शब्द काढला नाही, असे आजी सांगत असे. पुढे आमच्या भागात सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आजोबांनी त्याचा भाग (शेअर) घेतला आणि ऊस लावला. कारखान्याचे संचालक मंडळ काँग्रेसचे होते. तोडणीची टोळी आपल्या फडात वेळेवर यावी, ऊस वाळून वजन घटू नये, एवढ्यासाठी ते प्रथम सभांना जाऊन मागे बसू लागले. मग पुढे बसू लागले. चार-पाच वर्षांत ते मनापासून सांगू लागले की शेतकऱ्याचे भले सहकारातून होईल, मोर्च्यांतून नव्हे. ते ढोंग करीत नव्हते, हे मी खात्रीने सांगतो, कारण ढोंग करणारा माणूस रात्री जेवताना घरच्यांशी त्याच मुद्द्यावर भांडत नाही. वागणे आधी बदलले, मत त्याच्या मागून चालत आले, आणि आल्यावर ते खरेच त्यांचे झाले.

तर्ककर्कश :
म्हणजे हितसंबंधच! आपण माझीच बाजू अधिक नेटाने मांडलीत.

माणदेशी :
पुरती नाही. हितसंबंधाने त्यांना सभेत नेऊन बसवले, हे कबूल. पण तेथे बसल्यावर त्यांना पूर्वी न दिसलेली गोष्ट दिसली, ती ही की उचल, खत आणि पाण्याचा परवाना मिळवून देणारी संस्था गावात प्रथमच उभी राहत होती. ती खोटी नव्हती. स्वार्थाने उघडलेल्या खिडकीतून दिसलेले दृश्य खोटेच असते, असे आपण का धरून चालता?

पैलतीर :
हे मला मान्य करावे लागते, आणि माझी मूळ मांडणी त्यामुळे थोडी लंगडी पडते, कारण आजोबांच्या बाबतीत मूल्य आधीपासून जागेवर होते असे म्हणता येत नाही. तरीही अशोक मेहतांकडे पाहा. १९६३ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि पुढे काँग्रेसमध्ये गेले, तेव्हा त्यांच्यावर संधिसाधूपणाचा ठपका आला. पण १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत फौजा घुसल्यावर आपल्या सरकारने स्पष्ट निषेध केला नाही, म्हणून त्यांनीच मंत्रिपद सोडले. खुर्ची हेच कारण असते तर ती अशा कारणाने सुटली नसती.

तर्ककर्कश :
मेहतांपुरता माझा आक्षेप मागे घेतो, मसानींपुरता नाही. माणदेशी, एक विचारतो. कारखान्यात पुढे गैरव्यवहार झाले असतील, तेव्हा आजोबांचे मत पुन्हा बदलले का?

माणदेशी :
गैरव्यवहार झाले, आणि आजोबांना ते कळतही होते. संचालकांची नावे घेऊन ते शिव्या देत. पण सहकाराला कोणी नाव ठेवले की उठून जात. तोवर त्यांचे वय सत्तरीच्या पुढे गेले होते.