जंतू, जीवाणू की विरजण?

लालबागकर : वहिनीला सातवा चालूय, अंगावरून पांढरं जास्त जातंय म्हणून डॉक्टरांनी स्वॅब घेतला. रिपोर्टमधे लॅक्टोबॅसिलाय भरपूर आले, मी आईला बोललो जंतू आहेत पण चांगले आहेत, झालं, पुढचं ऐकलंच नाही तिने, वहिनीलाच म्हणे बाहेरची पाणीपुरी खाल्लीस ना. घाबरवणार नाही असा मराठी शब्द सुचवा प्लीज.

गिरगावकर : जंतू मुळात बिचारा साधा शब्द, जन् म्हणजे जन्मणे, जन्माला आला तो जंतू. गीतेच्या 5व्या अध्यायात 'जन्तवः' म्हणजे चक्क आपण माणसं. पण पोटातले जंत त्याच्यातूनच आले आणि वर फिनेलच्या बाटलीवर जंतुनाशक, मग बदनाम तो बदनामच. पुस्तकी शब्द जीवाणू, पण तो विषाणूसारखा ऐकू येतो.

परळची लॅबवाली : मी रोज स्लाइडवर बघते हे. ग्रॅम स्टेन केला, म्हणजे जंतू ओळखायला स्लाइडला रंग दिला की जांभळ्या लांबट काड्या दिसतात, बॅसिलस म्हणजे काडीच. न्यूजंट स्कोर म्हणजे स्लाइड बघून दिलेले मार्क, त्यात या काड्या जितक्या जास्त तितका स्कोर कमी, 0 ते 3 नॉर्मल, 7 किंवा वर म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, योनीमार्गातल्या चांगल्या-वाईट जंतूंचा तोल बिघडलेला. काड्या लॅक्टिक अॅसिड करतात, पीएच साधारण 4.5च्या खाली, म्हणजे आंबट राहतो, मग बाकीच्यांना फारसा थारा मिळत नाही. दुधाला लागतं तसंच, म्हणून मी पेशंटना विरजण सांगते.

ठाणेकर : उत्साहावर पडतं ते विरजण? 😄

दादरची मावशी : विरजण नको गं! आमच्या शेजारणीने हेच ऐकून सुनेला तिथे दही लावायला सांगितलेलं, नशीब सुनेने ऐकलं नाही. दह्यातले वेगळे आणि योनीमार्गात मुख्य असतात ते क्रिस्पॅटस वगैरे वेगळे. आणि प्रोबायोटिक कॅप्सूलचं म्हणाल तर त्या घेऊन वेळेआधीची डिलिव्हरी टळते असं काही सिद्ध झालेलं नाही, मनाने सुरू करू नका. पांढरं गरोदरपणात वाढतंच, पण माशासारखा वास, खाज, पाण्यासारखं जाणं असलं तर लगेच डॉक्टर. व्हजायनोसिस निघालं तर अँटिबायोटिक देतात, दही नाही.

लालबागकर : वास, खाज काही नाही, डॉक्टर पण नॉर्मल बोलले. आई मूळची मालवणची, शेवटी तिला बोललो ते जंतू नाहीत, राखणदार आहेत. एकदम शांत झाली. आता विचारतेय नारळ कधी ठेवायचा.