मोगरा, मधुमालती, कोयनेल: छाटणी कधी करू?

गच्चीवाली_पुणे:
मोगरा कुंडीत आहे, नुसत्या लांबच लांब फांद्या काढतोय आणि फुलं जेमतेम. मधुमालती वरच्या मजल्यावर पोचलीय, खाली नुसता दांडा. शिवाय कंपाउंडला कोयनेल. माळीबुवा म्हणतात दिवाळीनंतर सगळं एकदम छाटू. चालेल का?

परसदार:
सगळं एकदम नको हो ताई. मोगऱ्याला फूल येतं नव्या फुटीवर, म्हणून डिसेंबर-जानेवारीत आधी पाणी कमी करायचं (कुंडीत आहे म्हणून ठणठणीत कोरडा नको, पानं जराशी मलूल होईपर्यंतच) मग अर्ध्यावर छाटायचा, उरलेली पानं ओरबाडून टाकायची आणि शेणखत घालून पाणी सुरू, मार्चपासून कळ्या बघा. ऊन मात्र पाच-सहा तास हवंच, सावलीतल्या मोगऱ्याला कितीही कात्री लावा, पानंच येणार.

कोकणातला:
मधुमालती बिनधास्त कापा, तीपण नव्या फुटीवरच फुलते. बहर ओसरला की थंडीत कमरेएवढी करा.

हिरवा_कट्टा:
कोयनेलला दिवाळीची वाट कशाला बघायची, पावसाळ्यात जोमात वाढते तेव्हाच अधूनमधून शेंडे मारत राहा. आणि कुंपण खाली रुंद, वर निमुळतं ठेवा, माळी हमखास उलटं करतात, मग खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि बुडखा उघडा पडतो.

गच्चीवाली_पुणे:
थँक्यू सगळ्यांना! मोगऱ्याच्या छाटलेल्या काड्या लागतील का?

परसदार:
लागतात की, पण थंडीत मुळं धरायला वेळ घेतात. पावसाळ्यात लावलेल्या लवकर फुटतात.