पक्षांतर की पक्षत्याग?

प्रश्न: दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्याच्या विधिमंडळावर लिहितोय. मार्टिन हॅमिल्टन-स्मिथ यांनी २०१४ मध्ये 'पक्षांतर केलं' असं लिहिलं, तर एका मित्राने ते खोडलं. "गेले कुठल्या पक्षात?" म्हणतो. चुकलं का?

– मित्राचं बरोबर आहे. मार्च २०१४ च्या निवडणुकीत ४७ जागांच्या सभागृहात लेबर २३, लिबरल २२ आणि अपक्ष २ असा निकाल लागला. ज्योफ ब्रॉक या अपक्षाने हात दिला म्हणून प्रीमियर (तिकडचे मुख्यमंत्री) जे वेदरिल यांचं लेबर सरकार तरलं. मग मे महिन्यात हॅमिल्टन-स्मिथ लिबरल पक्षातून बाहेर पडले आणि अपक्ष म्हणून थेट त्याच सरकारात मंत्री झाले. एकेकाळी हेच गृहस्थ लिबरलांचे विरोधी पक्षनेते होते! तरी लेबरचं सदस्यत्व त्यांनी घेतलं नाही. देशांतर, धर्मांतर या शब्दांत दुसरा देश, दुसरा धर्म हवाच. तसा इथे दुसरा पक्षच नाही, म्हणून 'पक्षत्याग'. खरं पक्षांतर हवं असेल तर ख्रिस हॅना घ्या: १९९७ ला लेबरकडून निवडून आले, २००३ ला ग्रीन्समध्ये गेले. पुढे २००६ मध्ये तेही सोडून अपक्ष झाले, म्हणजे एकाच माणसात दोन्ही शब्दांची सोय.

– व्युत्पत्ती ठीक आहे हो, पण वापराचं काय? आपल्याकडे १९८५ चा कायदा नुसता पक्ष सोडला, नाहीतर पक्षादेश मोडून मत दिलं, तरी लागू होतो. त्याला 'पक्षांतरबंदी'च म्हणतात. शब्द कधीच रुंदावलाय.

– म्हणूनच तर इथे टाळावा. मराठी वाचकाला 'पक्षांतर' वाचलं की लगेच अपात्रता, अध्यक्षांपुढची सुनावणी, कोर्ट हे सगळं आठवतं. तिकडे पक्ष सोडला म्हणून आमदारकी जात नाही. शिक्षा झालीच तर पक्षाकडून किंवा पुढच्या निवडणुकीत मतदारांकडून.

– आणि नॉर्म फॉस्टर? १९८२ मध्ये रॉक्सबी डाउन्सच्या तांबे-युरेनियम खाणीच्या करारावर वरिष्ठ सभागृहात मतदान होतं. लेबरचा विरोध होता. फॉस्टर यांनी पक्षाचा राजीनामा दिला, लिबरल सरकारच्या बाजूने मत टाकलं आणि विधेयक मंजूर झालं. याला तिकडे 'क्रॉसिंग द फ्लोअर' म्हणतात, कारण मतविभागणीच्या वेळी सदस्य खरोखरच उठून समोरच्या बाजूला जाऊन बसतो. 'बंडखोरी' फार ढोबळ होतं. मी 'पलीकडे जाऊन मत दिलं' असंच लिहीन, चार शब्द खर्च झाले तरी चालतील.

– 'फुटले' चालेल?

– फॉस्टर यांना चालेलही. पण सरसकट नको. ऑस्ट्रेलियातल्याच क्वीन्सलँड राज्याचे प्रीमियर व्हिन्स गेअर यांना १९५७ च्या एप्रिलमध्ये लेबर पक्षाने स्वतःच हाकललं, वाद कामगारांच्या तीन आठवड्यांच्या रजेवरून. जॅक डगन सोडून सगळे मंत्री गेअर यांच्यासोबत गेले आणि त्यांनी वेगळा पक्ष काढला. ऑगस्टच्या निवडणुकीत दोन्ही लेबर आपटले. तिथे लेबरला पुन्हा सत्ता मिळाली ती थेट १९८९ मध्ये. पक्षात फूट पडली हे खरं, पण गेअर यांची 'हकालपट्टी' झाली असंच लिहावं लागेल.

– 'गद्दार' मात्र नको. तो प्रचारसभेतला शब्द, लेखातला नव्हे.