अक्ष शून्यापासून आहे का ते आधी बघा

कोष्टकापेक्षा स्तंभालेखात फरक चटकन कळतो, असं म्हणतात, ते मान्य. पण चटकन कळलेला फरक खरा असेलच असं नाही.

२०११च्या जनगणनेतली साक्षरता घ्या: केरळ ९४ टक्के, गोवा ८८.७, महाराष्ट्र ८२.३. लेकीने गृहपाठासाठी हा आलेख काढला, तर उभा अक्ष ८० पासून! वहीत जागा पुरावी म्हणून, म्हणे. केरळचा स्तंभ आपल्या सहापट उंच. मग आलेखकागद घेतला, शून्यापासून सुरुवात, १ सेमी = १० टक्के. केरळ ९.४ सेमी, आपण ८.२. सव्वा सेंटीमीटरही फरक नाही. शून्य सोडायचंच असेल, तर अक्षावर वक्ररेघेची खूण (खालचा भाग गाळलाय हे दाखवणारी नागमोडी रेघ) तरी करावी. शाळेत आम्हाला ती न केल्याबद्दल अर्धा गुण कापायचे.