मदत हवी आहे: कॉलेजच्या स्मार्ट बोर्ड-संगणकांचा खरा उपयोग मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी,

सोलापुरातल्या एका अनुदानित कला-वाणिज्य महाविद्यालयात मी शिकवते, खरेदी समितीवरही आहे. संस्थेला आणखी दहा स्मार्ट बोर्ड घ्यायचे आहेत आणि महाविद्यालय विकास समितीपुढे मला त्यावर टिपण ठेवायचंय. २०१६च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे अंदाजपत्रक याच समितीतून व्यवस्थापनाकडे जातं, म्हणून तिथे नीट मांडलं तर फरक पडेल.

नॅकला (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) एका संगणकामागे किती विद्यार्थी ते सांगावं लागतं. आमचं प्रमाण चांगलं आहे. पण वापराचं काय? गेल्या आठवड्यात लॅबची नोंदवही घेऊन बसले. परीक्षा फॉर्मच्या दिवसांत पानं गच्च भरलेली, पुढे सलग तीन पानांवर नुसती शिपाईमामांची सही. विचारलं तर कळलं, लॅब मुलांसाठी तीनला उघडते आणि मोहोळ-अक्कलकोटकडची मुलं अडीचची एसटी धरतात. माझ्याच वर्गातली एक मुलगी ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचा कोर्स वडिलांच्या मोबाईलवर करते, तेही ते रात्री कामावरून आल्यावर. इकडे वीस संगणक झाकलेले. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

खर्चाचाही मेळ लागत नाही. खरेदीचं बिल फाईलला आहे, पण देखभाल करार, इंटरनेट, यूपीएसच्या बॅटऱ्या (आपल्या उन्हाळ्यात बंद खोलीत त्या लवकर बसतात) सगळं वेगवेगळ्या खात्यांत. पाच वर्षांचा एकूण खर्च काढून तो वापराच्या तासांनी भागावा असं मनात आहे. तरी शंका राहतेच: तासभर पीपीटी वाचून दाखवली तरी बोर्डाचा एक तास भरतोच की. निकालाशी तुलना करावी तर प्रत्येक वर्गाचा शिक्षक वेगळा.

तुमच्या कॉलेजात कुणी अशी नोंद ठेवली आहे का? रोजच्या नोंदीत काय लिहून घेता? मुलांना नेमकं काय विचारता? आणि बोर्डांऐवजी मूडल (ऑनलाइन धडे, चाचण्या ठेवायची प्रणाली) सुचवावं का? सॉफ्टवेअर मोफत आहे, पण सर्व्हर आणि ते सांभाळणारा माणूस लागणार. तो खर्च कुणी काढला असेल तर आकडे हवे आहेत.

बैठक २२ तारखेला आहे. नोंदवहीचा नमुना असेल तर कृपया इथेच टाका. लॅबची वेळ बाराला आणायचं पत्र मी उद्याच प्राचार्यांना देतेय, त्यासाठी बैठकीची वाट बघायची गरज नाही.